समोरच्या दाराची फरशी

घराचं सगळं झालं होतं. फक्त घरात शिरायची वाट राहिली होती.

अमरावतीच्या कठोरा रोडवर खारोड्यांचा नवा बंगला उभा राहिला. भिंतींना रंग लागला, पंखे फिरले, गच्चीवर टाकी चढली, देवघरात रंग बदलणारे दिवे बसले. पण समोरचं दार उघडलं की पोर्चपासून बैठकीपर्यंतचा ऐसपैस पट्टा नुसता रेतीचा. तिथं कोणती फरशी बसवायची यावर घराचं एकमत होईना. भाड्याच्या घराची मुदत संपली म्हणून वास्तूच्या आधीच सामान हलवावं लागलं होतं, आणि दिवाळी उलटली तरी सगळी माणसं मागच्या दारानं, स्वयंपाकघरातून, ये-जा करत होती. कुलदीपला भेटायला वॉर्डातली चार मोठी माणसं आली, तीही रागिणीच्या शेगडीला वळसा घालून बैठकीत पोचली. पुढच्या निवडणुकीला उभं राहायच्या तयारीत असलेल्या माणसाला हे शोभणारं नव्हतं. त्यातल्या एकानं जाताना फोडणीची तारीफ केली, ती तर कुलदीपच्या फारच जिव्हारी लागली.

"लोक माह्या घरी येतात का मेसमध्ये येतात?" त्यानं बायकोला विचारलं.

"फरशी ठरवा, मग समोरून येतील," रागिणी म्हणाली.

कुलदीपचं ठरलेलंच होतं. त्याला आरशासारखं काहीतरी हवं होतं. कारण परतवाड्याला त्याच्या चुलतभावानं, नितेशनं, बंगला बांधला होता आणि त्याच्या दारातल्या फरशीत म्हणे माणसाला आपलं तोंड दिसायचं. म्हणे, कारण कुलदीपनं ती पाहिली नव्हती. संत्र्याच्या बगीच्याची वाटणी झाल्यापासून दोन्ही घरांचं जाणं-येणं बंद होतं. नितेशची आई सुभद्राकाकू वारल्या तेव्हा या घरातून एकटी रागिणी भेटायला जाऊन आली होती.

सासूबाई पार्वताबाईंना मात्र शहाबादी पाहिजे होती. "जुन्या घरी चाळीस वर्सं होती. बैल गेले तिच्यावरून, पोरं रांगले, काही झालं का? शेतातून मानूस येते तं पायाले माती राहते. थो काय पाय खांद्यावर घेऊन घरात यीन?"

गोवर्धन मिस्त्री दोघांच्याही बाजूनं होता. कुलदीप दिसला की तो म्हणायचा, "चमक म्हणजे चमक असते, भाऊ." पार्वताबाई दिसल्या की म्हणायचा, "शहाबादीची सर कशालेच नाई, आई." रागिणीनं एकदा त्याला विचारलं, "पाय घसरणार नाही असं काय घ्यावं, भाऊ?" त्यावर त्यानं बराच वेळ रेतीकडं पाहिलं. "ताई, पाय जपून टाकला तं कशावरच घसरत नाई," असं म्हणून तो चहा प्यायला निघून गेला.

आणि मामाजी, म्हणजे रागिणीचे सासरे? खुशालरावांनी पहिल्याच दिवशी खुर्चीतून निकाल दिला होता. "चकचकीत पायजे. खारोड्याचं दार आहे. माणसाले आपलं थोबाड दिसलं पायजे."

रागिणीला खरी काळजी होती ती इथंच. गेल्या वर्षी मामाजींना लकवा मारून गेला. घरात हा शब्द कुणी उच्चारत नसे. "ते झालं तेव्हा" असं म्हणत. बोलणं परत आलं, हात परत आला, पण डावा पाय पुरता आला नाही. उचलायला जावं तर तो जमिनीवरून घासत यायचा. मामाजी सारं आयुष्य काळ्या रानात ताठ चाललेले. आता ते नव्या घरात भिंतीला हात लावून फिरत, आणि तेही भिंत बरोबर आहे की नाही हे बघत असल्यासारखे. कुणी समोर आलं की हात काढून घेत. नव्या रंगावर तळहाताच्या उंचीला एक मळकट रेघ उमटली होती. ती रागिणी दर आठवड्याला पुसायची, म्हणून ती तिलाच ठाऊक होती.

समोरच्या त्या पट्ट्याला दोन्हीकडून भिंत नव्हती. एका बाजूला उघडी बैठक, दुसऱ्या बाजूला मोठी काचेची खिडकी. तिथं आरसा बसला की मामाजी आपल्याच घराच्या बाहेर पडणार नाहीत, हे रागिणीला स्पष्ट दिसत होतं. तिनं एकदा जेवताना विषय काढून पाहिला.

"थोडी खरबरीत घेतली तर?"

"काहून?" कुलदीपनं विचारलं. "दवाखाना आहे का आपला?"

शब्द निघून गेला आणि सगळ्यांनी ताटात पाहिलं. पार्वताबाईंनी कुणी न मागता वरण वाढलं.

"खरबरीत गोठ्यात राहते," खुशालराव म्हणाले, आणि विषय मिटला.

तेवढ्यात अकोल्याहून आकांक्षाचा फोन आला. आकांक्षा ही कुलदीपची धाकटी बहीण. तिच्या नवऱ्याचं, मनोजचं, अकोल्यात टाइल्सचं मोठं दुकान. फोन तिनं आईला केला होता, पण आवाज शेजाऱ्यांनाही जाईल असा होता.

"आई, हे म्हणून राहिले, दाराची फरशी आमच्याकडून. वास्तूचा आहेर. तुम्ही फक्त येऊन पसंत करा."

ही साधी भेट नव्हती. कुलदीपच्या मुलीच्या साखरपुड्यात सगळ्या मानकऱ्यांना फेटे बांधले आणि जावयापाशी येईपर्यंत फेटे संपले. मनोज दिवसभर बोडक्या डोक्यानं हसत फिरला आणि संध्याकाळी न जेवता अकोल्याला गेला. तेव्हापासून आकांक्षा फोनवर फक्त बाबांची तब्येत विचारायची. आता तिनं स्वतःहून हात पुढं केला होता. तो धरला नाही तर लेकीचं माहेर तुटणार, आणि धरला तर मनोज देईल ती फरशी घ्यावी लागणार.

कुलदीप खूश झाला. फरशी फुकट, शिवाय चकचकीत. खुशालराव म्हणाले, "जवायाचा मान ठेवा लागते." एवढी मोठी फळी बघून पार्वताबाईंनीही शहाबादीचं नाव सोडलं. फक्त म्हणाल्या, "घेऊ. पन मी पाहून घेईन."

काय पाहून घेणार, ते रविवारी गाडीत कळलं. पुढं कुलदीप आणि मामाजी, मागं रागिणी आणि सासूबाई. सासूबाईंच्या मांडीवर कापडी पिशवी होती. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं, तरी ती त्यांनी खाली ठेवली नाही.

"डबा आहे का, आत्याबाई? माझ्याकडं द्या," रागिणी म्हणाली.

"डबा नाई. माती आहे."

"माती?"

"वावरातली. काळी. ओली करून आणली." पार्वताबाईंनी पिशवीवर हात ठेवला. "त्याच्या दुकानात काय चिखल भेटणार आहे?"

कुलदीपनं आरशातून पाहिलं, पण पुढं ट्रक होता म्हणून त्याला काही बोलता आलं नाही.

मनोजच्या दुकानाची पाटी दुकानापेक्षा रुंद होती. त्यावर त्याचा फोटो होता आणि फोटोत तो एका टाइलकडं पाहून हसत होता. आत शिरल्याबरोबर त्यानं सासऱ्यांचे पाय धरले, त्यांना आपल्या फिरत्या खुर्चीवर बसवलं, आणि मेहुण्याला मिठी मारली. आकांक्षानं कचोरी मागवली. ती वहिनीशी गोड बोलली, भावाशी त्याहून गोड बोलली. एवढा गोडवा बघून रागिणी सावध झाली.

दुकानाच्या मध्यभागी मनोजनं एक खोटं दार उभं केलं होतं. सागवानी चौकट, पितळी कडी, वर गणपती. दार उघडलं की मागं भिंत. आणि दाराच्या पुढं, जिथं पाहुणा उभा राहील तिथं, ती फरशी. साईच्या रंगाची, काचेसारखी, मधोमध भलं मोठं सोनेरी कमळ.

"हे तुमचं दार समजा," मनोज म्हणाला. "लक्ष्मी थेट कमळावर पाय ठेवून आत येणार. डाग धरत नाही, ओरखडा पडत नाही, रंग उडत नाही."

कुलदीप वाकला. त्याला फरशीत आपलं तोंड दिसलं. त्यानं केस सारखे केले.

"झालं," तो म्हणाला. "पॅक करा."

"थांब," म्हणत पार्वताबाई पुढं झाल्या. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी पिशवी उलटी केली. खारोड्यांच्या शेतातली काळी माती सोनेरी कमळावर पडली. वरून त्यांनी पाण्याची बाटली रिकामी केली आणि लेकाकडं वळल्या.

"चाल आता."

"आई!" आकांक्षा ओरडली. दुकानात दुसरं एक गिऱ्हाईक होतं, ते बेसिन बघायचं सोडून इकडं आलं.

"चाल म्हनते ना. वावरातून आला समज."

कुलदीपनं हसत पाऊल टाकलं. दुसऱ्या पावलाला त्याचा उजवा पाय त्याला न विचारता पुढं गेला, दोन्ही हात हवेत उडाले. पण तो पडला नाही. सावरल्याबरोबर त्यानं तेच हात कमरेवर ठेवले आणि वर पाहत म्हणाला, "सीलिंग मस्त केलं, मनोजराव."

"ओली असल्यावर कोणतीही फरशी घसरतेच," आकांक्षा घाईनं म्हणाली. "अन् पडली माती तं पुसायची. वहिनी पुसून घेते ना."

तेव्हा सगळ्यांनी रागिणीकडं पाहिलं. इतक्या महिन्यांत फरशीच्या बोलण्यात तिचं नाव पहिल्यांदाच निघालं होतं, तेही पोछ्यासोबत. ती काही बोलणार तोच मागं खुर्ची करकरली.

खुशालराव उठले होते.

"सरका," ते म्हणाले. "एवढं काय त्याच्यात? मी चालून दाखवतो."

कुणी हललं नाही. कुलदीपनं फोन काढून त्यात पाहिलं. आकांक्षा म्हणाली, "बाबा, चहा येऊन राहिला." पार्वताबाईंच्या हातात रिकामी पिशवी होती, ती त्यांनी छातीशी धरली. चालू नका, असं सांगायला कुणालाही एका शब्दाची गरज होती, आणि तो शब्द या घरात बोलायचा नव्हता. मामाजींनी टेबलाची कड सोडली. डावा पाय घासत आला. अजून दोन पावलं आणि चिखल होता, त्याखाली काच होती.

"नितेशभाऊजींच्या घरी हेच आहे," रागिणी म्हणाली.

खुशालराव थांबले.

"काय म्हनलं?"

"हीच फरशी. हेच कमळ. मी काकूंच्या वेळी गेले होते ना, तेव्हा पाहिली."

हे साफ खोटं होतं. नितेशच्या दारात पांढरा मार्बल होता आणि त्यावर कमळ नव्हतं. पण बोलताना तिचा आवाज असा निघाला, की तिला स्वतःलाच ते कमळ परतवाड्यात दिसलं.

"हेच?" कुलदीपचा चेहरा उतरला. "सेम?"

"नितेशभाऊ तं माझ्याकडूनच..." मनोज बोलता बोलता अडखळला.

हे रागिणीला ठाऊक नव्हतं. सगळ्या वऱ्हाडात टाइल्सची दुकानं पडलेली, आणि नितेशनं माल घ्यावा तो नेमका याच्याकडून! मनोज तिच्याकडं बघत होता. मग त्याची नजर खाली गेली, मामाजींच्या पायांकडं. डाव्या चपलेचा पुढचा भाग घासून पार कागद झाला होता, उजवी मात्र नव्यासारखी होती. हे त्यानं आधी कधी पाहिलं असेल असं वाटलं नाही. 

"...माझ्याकडूनच घेऊन गेले," त्यानं वाक्य पुरं केलं. "हाच माल. हेच कमळ."

"मंग हे नको," खुशालराव म्हणाले, आणि अगदी मानानं मागं वळून खुर्चीत बसले. "त्याच्या दारासारखं माहं दार नको."

"नकोच," कुलदीपही म्हणाला. "लोक म्हणतील, याच्यात अक्कल नाई, भावाचं पाहून केलं."

आता आकांक्षाचा गोडवा संपला. "हो का? आमी देऊन राहिलो तं नको? फेटा नाई देल्ला, चला, विसरलो. आता आमची फरशीबी नको का?"

"आकांक्षाताई, फरशी तुमचीच," रागिणी म्हणाली. "दुसरी दाखवा एवढंच. मागं त्या भिंतीला काय टेकवलंय?"

मागं राखी रंगाच्या ग्रॅनाइटच्या लाद्या उभ्या होत्या. चकाकी नव्हती. हात फिरवला तर बारीक खरबरीतपणा लागे, पण टोचत नसे.

"हे तं पायरीचा दगड वाटते," कुलदीप म्हणाला.

मनोज तोवर धंद्यात परत आला होता. "लेदर फिनिश म्हणतात त्याले. चमकणारं आता कोणी लावत नाही, भाऊ. हैदराबादले मोठमोठ्या बंगल्यांत हेच चाललं. महाग असल्यामुळं आपल्याकडं कोणी मागत नाही."

"महाग?" कुलदीपनं लादीवर पुन्हा हात ठेवला. या वेळी तो बराच वेळ राहिला. "लेदर. हौ, फील वेगळा आहे."

हमालांनी दोन लाद्या खाली टाकल्या. पार्वताबाईंनी कमळावरचा चिखल ओंजळीनं उचलून त्यांच्यावर टाकला, पाणी शिंपडलं, आणि वाकून बारकाईनं पाहिलं. राखी रंगात माती कुठं गेली ते समजेना.

"दिसतच नाई," त्या म्हणाल्या. एवढ्या लांबून माती आणून तिनं काही दाखवू नये, याचं त्यांना जरा वाईट वाटलं.

मग मामाजी पुन्हा उठले. या वेळी कुणी चहाचं नाव काढलं नाही. ते लाद्यांवर उभे राहिले. डावा पाय पुढं आला, दगडाला टेकला आणि तिथंच थांबला. त्यांनी थोडा भार टाकून पाहिला. अजून थोडा टाकला.

"नितेशकडे हे नाई ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, मामाजी."

"मंग ठीक आहे."

सगळे कचोरीकडं वळले तेव्हा मनोज रागिणीपाशी येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, नितेशभाऊनं पांढरा मार्बल नेला. मीच भरून देल्ला गाडीत."

"माहीत आहे मला."

"बरं." तो मुद्द्यावर आला. "वास्तूले मले फेटा पाहिजे. सगळ्यांच्या आधी."

"मी स्वतः आणून ठेवते."

"गुलाबी नको. भगवा."

"भगवा," रागिणी म्हणाली, आणि सौदा झाला.

गोवर्धन मिस्त्रीनं फरशी बसवली. आपण पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो, असं तो बसवता बसवता सगळ्यांना सांगत होता. वास्तूच्या आदल्या दिवशी ती धुताना रागिणीला कळलं की तिच्यावर पोछा फिरत नाही, अडकतो. खराटा लागतो आणि पाणी बरंच. कंबर धरून ती उभी राहिली आणि मनात म्हणाली, चला, निदान हे मी स्वतः निवडलेलं काम आहे.

वास्तूच्या दिवशी पाहुणे पहिल्यांदा समोरून आले. मनोज भगवा फेटा बांधून पोर्चमध्ये असा उभा होता, की नवी माणसं त्यालाच घरमालक समजून हात जोडत होती. कुलदीप प्रत्येकाला फरशी दाखवत होता. "लेदर आहे. हैदराबादची स्टाइल." हे पूजा सांगणाऱ्या गुरुजींच्या कानावर गेलं आणि ते संकल्प सोडून बाहेर आले.

"दारात चामडं घातलं?"

"दगड आहे, गुरुजी," रागिणीनं समजावलं. "नाव तेवढं तसं आहे."

"मंग नाव घेऊ नका," असं म्हणून गुरुजी आत गेले, आणि कुलदीपला उरलेला दिवस नुसतं "इम्पोर्टेड टाइप" म्हणून भागवावं लागलं.

होम झाल्यावर खुशालराव बैठकीतून निघाले. धुवट धोतर, कोट, टोपी. भिंत संपली तिथं त्यांचा हात हवेत क्षणभर राहिला, मग खाली आला. ते पट्ट्यावर उतरले. पाय घासण्याचा आवाज येत होता, पण पाय जिथं ठेवत तिथं राहत होता. घरातल्या कुणी पाहिलं नाही. म्हणजे सगळ्यांनी पाहिलं. पार्वताबाई आचाऱ्याला काहीतरी रागावत होत्या आणि आचारी तिथं नव्हताच. मामाजी मधोमध, जिथं धरायला काहीच नव्हतं तिथं, उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना रामराम घालू लागले. तासभर उभे होते. रागिणीचे डोळे भरून आले, तेव्हा तिनं होमाच्या धुराला दोष दिला.

आणि मग फाटकात एक पांढरी गाडी थांबली. नितेश उतरला.

"मीच बलावलं," खुशालराव कुणाकडं न पाहता म्हणाले. "भावाचा पोरगा आहे. किती दिवस धरून बसायचं?"

नितेशनं पाया पडून घेतलं, आणि वाकलेलाच असताना फरशीवर हात फिरवला. "अरे वा, काका. हे बरं केलं. आमी तं पांढरा मार्बल लावून फसलो. मीच दोन डाव पडलो. आता त्याच्यावर सतरंज्या टाकून ठेवल्या."

"पांढरा?" कुलदीप म्हणाला. "अन् कमळ?"

"कोनतं कमळ?"

मनोज फेटा सारखा करत गाड्यांचं पार्किंग बघायला निघून गेला. कुलदीपनं रागिणीकडं पाहिलं आणि तो तडक स्वयंपाकघरात गेला. ती मागोमाग गेली.

"तू खोटं बोलली."

"हो."

"माह्याशी. सगळ्यासमोर. काहून?"

रागिणीनं या प्रश्नाची बरीच उत्तरं तयार ठेवली होती. माती दिसत नाही, ओरखडे पडत नाहीत, फॅशन आहे. त्यातलं एकही तिनं दिलं नाही.

"मामाजींचा पाय घसटते," ती म्हणाली. "अन् त्या पट्ट्याले कुठंच भिंत नाई."

कुलदीपनं नळ सोडला आणि स्वच्छ असलेले हात धुतले. बराच वेळ धुतले.

"मले दिसत नाई असं वाटते का तुले?" तो नळाकडं बघत म्हणाला. "रोज दिसते. सकाळी उठल्यापासून दिसते."

"मग बोलले काहून नाही?"

"कसं बोलू? या माणसानं मले खांद्यावर बसवून परतवाड्याचा बाजार दाखवला. त्याले काय म्हणू, तुमी पडसान म्हणून?"

त्यानं नळ बंद केला, हात पँटला पुसले आणि बाहेर गेला. नितेश निघत होता आणि मामाजी त्याला सोडायला पोर्चच्या कडेपर्यंत आले होते. कुलदीप सरळ गेला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर त्यानं वडिलांचा दंड धरला. घट्ट धरला.

खुशालरावांनी त्या हाताकडं पाहिलं. मग लेकाकडं.

"सोड," ते म्हणाले. "इथं नाई लागत."

कुलदीपनं सोडला.

"तुह्या त्या बाथरूममंधी लागते," खुशालराव म्हणाले. आवाज काही त्यांनी लहान केला नाही. "काचेवानी फरशी लावून ठेवली तिथं. रोज सकाळी मी नळाले लोंबकळून आंघोळ करतो."

पाहुण्यांच्या प्रसादाच्या वाट्या हातातच राहिल्या. आकांक्षानं तोंडावर हात ठेवला.

"अवो, मंग मले काहून नाई सांगतलं?" पार्वताबाई रडकुंडीला आल्या.

"विचारलं कोनं?"

 गाड्यांमधून भगवा फेटा पुढं आला.

"मामाजी," मनोजनं विचारलं, "बाथरूम केवढं आहे म्हणता?"

"मले काय मालूम? मी नळ धरून राहतो, मोजत नाई."

"या, दाखवते," रागिणी म्हणाली आणि तिनं पदर खोचला.

मनोज निघाला, त्याच्यामागं आकांक्षा, मग पार्वताबाई. कुलदीप वडिलांच्या पावलानं चालत होता, हात न लावता, पण लावता येईल एवढ्या अंतरावरून. गाडीची चावी हातात घेतलेला नितेशही, "मी सांगतो तुमाले काय लावू नये ते," असं म्हणत परत फिरला. आणि गावभरच्या पाहुण्यांना दारात उभं ठेवून सगळं खारोडे घराणं बाथरूम बघायला आत गेलं.